सोसायटीची प्रश्नमंजुषा जिंकण्याचा राजमार्ग

गणेशोत्सवातली प्रश्नमंजुषा ही ज्ञानाची स्पर्धा आहे, असा समज असल्यास उमेदवाराने तो आधी काढून टाकावा. ती चेहऱ्याची स्पर्धा आहे. उत्तर येत असेल तर ते आत्ताच आठवल्यासारखे दिसावे, येत नसेल तर सांगायचा कंटाळा आल्यासारखे दिसावे. एवढे आरशासमोर जमले, की उरलेला अभ्यास एका रविवारात उरकतो.

‘हे प्रसिद्ध वाक्य कोणाचे?’ या प्रश्नाला सरळ नाव सांगून मोकळा होतो तो नवशिका. मुरलेला गडी म्हणतो, ‘ते त्यांचं नाहीच मुळी.’ उपाशी प्रजेला केक खायला सांगितल्याचे पाप फ्रान्सच्या मारी आंत्वानेतच्या माथी आहे. रूसोने आत्मचरित्रात हा किस्सा नाव न घेता कुणा थोर राजकन्येचा म्हणून लिहिला, तेव्हा १७५५ साली जन्मलेली मारी व्हिएन्नात परकर-पोलक्याच्या वयाची होती. शिवाय तो पदार्थ केकही नव्हे. लोणी-अंडी घातलेला ब्रिओश नावाचा पाव. ‘ब्रिओश’ म्हणून झाल्यावर क्षणभर थांबावे. मागच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो.

खबरदारी: ज्याचे वाक्य काढून घ्यायचे तो माणूस परदेशी आणि बराच काळ मेलेला असावा. मंडपात टिळकांची तसबीर असते. तिच्याखाली उभे राहून स्वराज्याच्या घोषणेच्या मूळ पाठाची चर्चा सुरू केल्यास पुढच्या वर्षी वर्गणीची पावती फाडायलाही कोणी दारात येणार नाही.

बोलीभाषेच्या फेरीत उलटा नियम. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे बेधडक सांगावे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनाही ते आता पाठ आहे. मात्र ‘खंबा म्हणजे किती?’ असे विचारताच ‘साडेसातशे मिली’ असे ओरडू नये. सौभाग्यवती प्रेक्षकांत आहेत. डोके खाजवावे, शेजारच्या गड्याकडे पाहावे आणि उत्तर त्याच्या तोंडून वदवावे.

काल्पनिक प्राण्यांवर मात्र मन लावून मेहनत घ्यावी. स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी युनिकॉर्न आहे आणि कर्नाटकाच्या राज्यचिन्हावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे, हे शाळकरी पोरांनाही येते. किल्ल्याच्या दरवाजावरचा शरभ ओळखायला प्रत्येक संघात एक ट्रेकवाला असतोच. तो एकदा सुरू झाला की वेळ संपते. आपण राखून ठेवावा तो नवगुंजर. सारळा दासांच्या ओडिया महाभारतात कृष्णाने अर्जुनापुढे घेतलेले हे रूप: कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, वर माणसाचा एक हात. अर्जुनाने आधी धनुष्य उचलले, मग ओळख पटली. आपली व्यवस्थापन समिती पाहून तुम्हाला हे सहज लक्षात राहील.

याच फेरीच्या पाठांतरावर शरीरशास्त्राचे गुणही मिळतात, हे क्लासवाले सांगत नाहीत. आभाळ पेलणारा ॲटलस आपल्या मानेत पहिल्या मणक्याच्या नावाने डोके पेलत बसला आहे. अकिलीस टाचेमागच्या स्नायुबंधात आहे. आणि पोसायडनचा रथ ओढणारा, पुढून घोडा नि मागून मासा असलेला हिप्पोकॅम्पस मेंदूत आहे. सोळाव्या शतकात अरांझी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला तिथला एक भाग तसा दिसला. नव्या आठवणी पक्क्या होण्याचे काम तिथेच चालते. म्हणजे तुमचे सारे सामान्यज्ञान एका खोट्या प्राण्याच्या हवाली आहे. हे वाक्य पहिल्या फेरीत खर्च करू नये.

‘शरीरात हाडे किती?’ असे विचारले तर ‘कोणाच्या?’ असा प्रतिप्रश्न करावा. मोठ्या माणसात २०६, नवजात बाळात तीनशेच्या आसपास. प्रश्नकर्ता गडबडतो आणि तुमचा दरारा बसतो.

बरोबरी झाली, तर निर्णायक प्रश्न बहुधा हा असेल: माणूस मेंदूचा किती टक्के भाग वापरतो? खरे तर सगळाच वापरतो. दहा टक्क्यांची गोष्ट ही निव्वळ थाप आहे. पण कागदावर ‘दहा’ लिहिलेले असेल, तर निमूटपणे दहाच सांगावे. तो कागद अध्यक्षांच्या मेहुण्यांनी तयार केलेला असतो.