सांडव्यातला बदाम

मातीच्या बांधाला एकच जागा अशी असते, जिचं काम फक्त रिकामं राहणं. तिला सांडवा म्हणतात. जंगलातल्या एका वनतळ्याच्या नेमक्या त्याच जागेत यंदा सेल्फी पॉइंट उभा राहिला आहे. ‘आय’, मग लालभडक बदाम, मग ‘वनतळं’. बदाम फायबरचा, पुरुषभर उंच, रात्री आतून उजळणारा. वाऱ्याने पडू नये म्हणून खाली सिमेंटचा ओटा. ओटा खचू नये म्हणून त्याला तिन्ही बाजूंनी दगडी भिंत. आता एवढ्या आत दगड आणायचे कुठून? पण पाण्याच्या बाजूला बांधावर आयते रचलेले होते की! त्याला पिचिंग म्हणतात, लाटांनी माती धुपू नये म्हणून ते करतात वगैरे तपशील तिथे कुणाला आठवला नसावा. बदाम आता भक्कम आहे. बांधाचं काय ते पाऊस बघेल.

गावाचं नाव सांगत नाही. गरजच नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्याच तालुक्यातलं वाटणार आहे.

जागा निवडणाऱ्याला नावं ठेवता येणार नाहीत. पाळ अरुंद, काठाला चिखल, खालच्या अंगाला काटेरी झुडपं. सांडवा मात्र रुंद, सपाट, मागे पाणी आणि पाण्यामागे डोंगर. वर्षातले कितीतरी महिने तिथे काही म्हणजे काही घडत नाही. ‘सदर जागा बहुतांश काळ विनावापर पडून असल्याचे निदर्शनास आले आहे,’ अशीच काहीतरी कागदावरची भाषा असणार. निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. सांडवा विनावापर पडून आहे, म्हणूनच बांध उभा आहे, एवढं पुढचं वाक्य तेवढं लिहायचं राहिलं.

गच्चीवरच्या टाकीला वरच्या अंगाला एक भोक असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते बुजवलं तर पाणी झाकणातून वाहतं, खालचे भांडायला येतात, विषय संपतो. टाकी वाहून जात नाही, कारण ती प्लास्टिकची. हा बांध मातीचा. पोटात काळी माती, अंगावर मुरूम. पाणी एकदा पाळीवरून वाहू लागलं की मागच्या उताराची माती घेऊनच खाली उतरतं. तिथे घळ पडते, घळीतून जास्त पाणी जातं, जास्त पाण्याने घळ आणखी खोल होते. छोट्या बांधाचा निकाल लागायला रात्रसुद्धा पुरी लागत नाही. म्हणून सांडव्यापेक्षा पाळ मीटरभर उंच ठेवतात. या बदामाचा ओटा दोन फूट उंच आहे. म्हणजे मीटरभरातले दोन फूट प्रेमात गेले, उरला सव्वा फूट. तोही पाळ जिथे सांबरांच्या येण्या-जाण्याने दबली आहे, तिथे नाही.

वनतळ्याची गंमतच ही, की ज्यांच्यासाठी ते बांधलं तेच त्याची परीक्षा घेत असतात. साळिंदर बांधात बीळ करतं, घोरपड त्यात राहायला येते, रानडुक्कर पायथा उकरतं, गवे पाणी प्यायला एकाच वाटेने उतरून उतार तोडतात. यात नवीन काही नाही. प्राणी प्राण्यांसारखे वागणार, माणसाने वर्षातून दोनदा फेरी मारून बिळं बुजवायची, पाळ सारखी करायची, ठोकून बसवायची. पण साळिंदराने आजवर कुठल्याही सांडव्यात बदाम रोवल्याचं ऐकिवात नाही.

आणि बदाम एकटा येत नाही. बदामाला दिवे लागतात, दिव्यांना सौर पॅनेल, पॅनेलला माकडांपासून संरक्षण म्हणून जाळी. फोटो काढणाऱ्यांचे पाय मळू नयेत म्हणून सांडव्यात पेव्हर ब्लॉक. रांगेत थांबणाऱ्यांसाठी दोन बाक, बाकांवर देणगीदारांच्या आईवडिलांची नावं. पर्यटक आले की त्यांना वाघ दाखवायला हवा, वाघ यायला पाणी हवं, म्हणून उन्हाळ्यात साठा जरा जास्त पुरावा या सद्हेतूने सांडव्याच्या उरलेल्या तोंडाशी वाळूच्या गोण्या. साठा वाढला म्हणून कुणीतरी मासे सोडले, मासे पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून गोण्यांवर आणखी एक जाळी. पहिल्याच पावसात त्या जाळीला डोंगरातला सगळा पालापाचोळा येऊन बसणार. उरलं काय? बांधाची पाळ! तिच्यावर वृक्षारोपण झालं आहे. खड्डे मोजून काढले, फोटो भरपूर निघाले. झाडं जगली तर मुळं बांधात शिरणार, मेली तर कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी वाट काढणार. आणि जगलेलं झाड काढायचं म्हटलं तर परवानगी! एका सांडव्यात आपण कला, पर्यटन, मत्स्यव्यवसाय, अपारंपरिक ऊर्जा आणि पितृऋण एवढं सगळं बसवलं. बसलं नाही फक्त पाणी.

आता हसणं पुरे. आपल्या लोकांना रिकामी जागा बघवत नाही, हे खरं दुखणं आहे. नदीची पूररेषा दिसली की तिथे लग्नाचं लॉन. नाला आठ महिने कोरडा दिसला की त्यावर स्लॅब, स्लॅबवर गाळे. इमारतीच्या सुटकेच्या जिन्यात जुनं कपाट. मैदानाच्या कोपऱ्यात पुतळा नसेल तर व्यायामाची यंत्रं. रिकाम्या जागेचं काम वर्षातून एखाद्याच दिवशी असतं, आणि त्या दिवशी ती रिकामी नसेल तर माणसं मरतात. पानशेतचा बांध 12 जुलै 1961 ला फुटला, तो मातीचाच होता. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेही मातीचंच. तिथे गळती होते आहे, हे गावकरी आधीपासून सांगत होते. ती धरणं मोठी होती, हे तळं लहान आहे, असं कुणी म्हणेल. एक हेक्टर पसरलेलं आणि सरासरी दोन मीटर खोल तळं म्हणजे वीस हजार टन पाणी. खालच्या वाडीतल्या कुडाच्या भिंतींना यातला लहानमोठा फरक कसा समजावणार?

कायद्याने मात्र सगळं ठीक आहे. धरण सुरक्षा कायदा, 2021 पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांनाही होतो, पण लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा अटी बघून. आपला बांध पाच मीटरचा. म्हणजे या कायद्याच्या हिशेबात ते धरणच नाही. जे धरणच नाही ते फुटणार कसं? ज्यांच्याकडे जंगल आहे त्यांना बांधातलं कळत नाही, ज्यांना बांधातलं कळतं त्यांना जंगलात शिरायला परवानगी लागते, आणि वाडीतल्या लोकांना सगळं कळतं, पण त्यांना कुणी विचारत नाही.

बांधाच्या पायथ्याशी पाझर लागला आहे, हे वाडीतल्या बायकांना केव्हापासून ठाऊक आहे. पाझर नितळ असेल तर लक्ष ठेवायचं, गढूळ झाला तर बांधाची माती आतून निघाली आहे आणि आपणही घरातून निघायचं, एवढं शास्त्र त्यांना पाठ आहे. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव कोहळी समाजातल्या लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी मातीचेच बांधले. नवेगाव बांध त्यातलाच, आज त्याच्या भोवती राष्ट्रीय उद्यान आहे. त्या मंडळींनी जादा पाण्याला बाजूने वाट ठेवली, आणि ती वाट मोकळी राहील याची काळजी पिढ्यान् पिढ्या घेतली. त्यांच्यातल्या कुणाचंही त्या तलावावर प्रेम नव्हतं, असं म्हणता येणार नाही. फक्त ते त्यांनी पाण्याच्या वाटेत उभं केलं नाही.

उपाय सोपा आहे. ओटा फोडा, गोण्या उचला, जाळ्या काढा, दगड परत बांधावर लावा, बिळं बुजवा, दबलेली पाळ सारखी करा. चार माणसं आणि थोडे दिवस. अडचण एवढीच, की काम संपल्यावर तिथे काहीच दिसणार नाही. न दिसणाऱ्या कामाची फीत कुठे बांधणार आणि कोनशिला कशावर बसवणार? त्यावरही तोडगा आहे. दरवर्षी मे महिन्यात मोकळ्या सांडव्याचं रीतसर लोकार्पण करा. पाहुणे बोलवा, नारळ फोडा, हार घाला, भाषण हवं तेवढं लांबू द्या, आम्ही टाळ्याही वाजवू. फक्त मंडप सांडव्यात घालू नका.