काटा, मोबाईल आणि नजर

"लेकरू घरी चांगलं खाऊलालंय, मग तुमच्याच काट्यावर वजन कसं कमी भरूलालंय?" लातूर-नांदेडच्या खेड्यांत अंगणवाडीच्या ताईंना हा सवाल महिन्याच्या महिन्याला ठरलेला. काटा वर टांगलेला, झोळीत बसलेलं लेकरू पाय झाडतंय, सुई नाचतीय. ताई म्हणतात साडेदहा, आई म्हणते अकरा. वजन लेकराचं, पण नापास झाल्यासारखं तोंड आईचं होतं. शेवटी आजी निकाल देते, "नजर लागली असंल." यावर मात्र एकमत होतं, कारण नजरेत ना आईची चूक, ना ताईची. मुरलेल्या ताई तेवढ्यात सांगून घेतात, "नजर काढाच. अन् रोज एक अंडंबी देत जावा."

दुसरी तक्रार मोबाईलची. "बाई दिवसभर मोबाईलच बघत बसतात." बघतात, ते खरंच आहे. 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. हजेरी, वजन, उंची सगळं त्यात भरायचं. त्याच वर्षी हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल नीट चालत नाहीत म्हणून परत केले होते. भिंतीला पाठ लावून रेंज शोधणाऱ्या ताई बाहेरून बघणाराला रील बघत असल्यासारख्याच दिसतात, त्याला कोण काय करणार!

तिसरी तक्रार खास लातूरची. दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'चा वारा बालवाडीपर्यंत पोचलाय. तीन वर्षांचं पोरगं मण्यांशी खेळताना दिसलं की बाप विचारतो, "एबीसीडी कधी लिहायला लावणार?" पोरांनी खेळत शिकावं म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत बालवाडी चालवली, 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तेच लिहिलंय. बापाला मात्र आत्तापासूनच 'नीट' परीक्षेची काळजी. ताईंनी मग पोराला मणी मोजायला सांगावं. पोरगं "एक, दोन, पाच" म्हणालं तरी बाप खूश.

ही भांडणं मिटवायला ना समिती लागते, ना तक्रारपेटी. सेविका त्याच गावची रहिवासी असावी, हा नियमच अर्धा तंटा मिटवतो. सकाळी काट्यावरून जिच्याशी वाजलं, तिच्याशीच संध्याकाळी नळावर हंड्यामागं हंडा लावून उभं राहावं लागतं. अबोला धरायचा तर पाणी कोण सोडून जाणार? उरलेला अर्धा तंटा संपानं मिटवला. 2023 च्या 4 डिसेंबरपासून राज्यातल्या सेविका-मदतनीस दीड महिन्याहून जास्त संपावर होत्या, तेव्हा कुलूपबंद दारासमोर उभं राहून तक्रार तरी कुणाकडं करायची, हे आयांना कळलं.

म्हणून आमच्याकडं आवाज चढतो, पण शब्द जपून वापरले जातात. भांडण आजचं असतं. उद्या सकाळी लेकरू सोडायचं असतं त्याच दारात.