गोत्र थ्रॅश, शाखा बे एरिया

"मला मेटल आवडतं," असं कुणी म्हणालं की हा आपल्यातला नाही, हे आम्ही तिथल्या तिथे ओळखतो. आपल्यातला माणूस इतकं मोघम बोलत नाही. तो आधी नन्नाचा पाढा वाचतो. "म्हणजे तसं सरसकट नाही हं. पॉवर मेटल अजिबात नाही. ग्लॅमचं तर नावच काढू नका. थ्रॅश ऐकतो, पण जुनं. मेटॅलिका म्हणाल तर पहिले चार अल्बम, पुढचं आपण नाही धरत." एवढं बोलून तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो. समोरच्याने "चौथा म्हणजे तोच ना, ज्यात बास गिटार शोधूनही सापडत नाही?" असं विचारलं की सोयरीक जुळली. मग चहा येतो आणि दोन तास कुणी उठत नाही.

माझ्या मते मेटलवाल्यांची ओळखपरेड आणि वधूवर मेळावा यांत काडीचाही फरक नाही. नाव आणि नोकरी मागाहून. आधी गोत्र, मग शाखा, मग मूळ गाव. गोत्र थ्रॅश असेल तर मूळ गाव सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया. डेथ असेल तर फ्लोरिडातलं टॅम्पा. मेलोडिक डेथ म्हटलं की स्वीडनमधलं गोथेनबर्ग आणि ब्लॅक म्हटलं की नॉर्वे. डोंबिवलीचा मुलगा, जो कर्जतच्या पलीकडे फारसा गेलेला नाही, तो "आम्ही मूळचे गोथेनबर्गचे" अशा थाटात बोलतो. ब्लॅकवाले आणि डेथवाले एका पंक्तीला बसतात, पण मध्ये पान सोडून. न्यू मेटलवाल्याला गोत्र विचारायचंच नसतं. त्याच्या घरचे पळून जाऊन लग्न केलेले.

मूळपुरुषाबद्दल मात्र सर्व शाखांचं एकमत आहे. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. हा डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. तारा दाबताना त्रास व्हायचा म्हणून त्या हलक्या घातल्या आणि पुढे सैल सोडल्या. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला त्याच्यावर आज आमची सगळी वंशावळ उभी आहे. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला तो १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी. पण मला यातला सर्वांत आवडता भाग वेगळाच आहे. अपघात झाला तो त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. दुपारी घरी आलेल्या आयोमीला परत जायचंच नव्हतं. आई म्हणाली, असं अर्धवट सोडून येऊ नये, दिवस पुरा करून ये. ज्या संगीतावर 'मुलं आईबापांचं ऐकेनाशी होतात' असा आरोप गेली पन्नास वर्षं होतो आहे, ते एका मुलाने आईचं ऐकल्यामुळे जन्माला आलं. हा मुद्दा मी घरी अनेकदा मांडला. अजून कुणी मनावर घेतलेला नाही.

ओळखपरेडीचा सर्वोत्तम नमुना मी पाहिला तो उद्यान एक्स्प्रेसमध्ये, २०११च्या दिवाळीत. मेटॅलिका पहिल्यांदाच भारतात येत होती. २८ ऑक्टोबरला गुडगाव, ३०ला बंगळूर. २८ला भाऊबीज. ओवाळून घेतलं, ताटात पाकीट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसलो. डब्यात आमच्यासारखे बरेच निघाले. कपडे काळे, केस खांद्यावर, मनगटाला खिळ्यांचे पट्टे आणि प्रत्येकाच्या मांडीवर आईने दिलेला फराळाचा डबा. चेहरे मात्र सुतकी होते, कारण आदल्या रात्री गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी झालाच नाही, अशी बातमी आली होती. बंगळूरचंही तसंच झालं तर, हा प्रश्न कुणी तोंडाने काढत नव्हतं. नुसत्या चकल्या मोडल्या जात होत्या.

पुण्याला एक काकू चढल्या. भावाकडची भाऊबीज आटोपून सोलापूरला परत निघाल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि कौतुकाने विचारलं, "अय्यप्पाला का? यंदा लवकर निघालात."

नाही म्हणायला वेळ लागला. मग ओळखी सुरू झाल्या. आम्ही एकमेकांनाही नवीनच होतो.

"मी ब्रूटल डेथ. हडपसर."

"मी डूम. मधूनमधून फ्युनरल डूम."

"मी ग्राइंडकोर. पण घरी सांगितलेलं नाही."

काकू शेंगदाणे सोलायच्या थांबल्या. डूमवाल्याच्या टीशर्टवर बँडचं नाव होतं, त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कुठल्या बाजूने वाचायचं?" तो म्हणाला, "काकू, वाचता आलं तर तो बँड बिघडला असं समजायचं." मग कुणीतरी सवयीने तर्जनी आणि करंगळी वर काढून शिंगं केली. काकूंनी तेही विचारलं. ग्राइंडकोरवाल्याने समजावून सांगितलं की ही खूण आमच्यात रॉनी जेम्स डिओ या गायकाने रूढ केली. त्याची आजी मूळची इटलीची, वाईट नजर लागू नये म्हणून ती असा हात करायची. काकूंनी आमच्या अवतारांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तुम्हाला कोण नजर लावतंय, बाबांनो?"

पण खरी गंमत पुढे झाली. दौंडच्या आसपास कुणीतरी विचारलं, "काकू, तुम्ही काय ऐकता?" काकू सावरून बसल्या. "मी माहेरची बार्शीची, सोलापूरला दिलेली. आमच्याकडे भजन. पण सरसकट नाही हं. ते हल्लीचं सिनेमाच्या चालीवरचं अजिबात नाही. आमचं जुन्या चालीतलं. आणि पेटी जास्त झाली की मी उठून येते." डब्यात क्षणभर कुणी बोललं नाही. मग हडपसरचा ब्रूटल डेथ अदबीने म्हणाला, "काकू, तुम्ही आपल्यातल्याच." सोलापूरला उतरताना त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा त्याच्याच हातात दिला. बंगळूरचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. कसा झाला ते इथे सांगत नाही. पाहिलेल्याला सांगायची गरज नाही आणि न पाहिलेल्याला मी ते प्रत्यक्ष भेटीत, खुर्चीला धरून सांगतो.

कारण कुठे कुठे हजर होतो, हा ओळखीतला पुढचा आणि सर्वांत जळवणारा भाग. "२००७ला होतास?" एवढंच विचारतात. कशाला, हे विचारणारा आपोआप बाद. १७ मार्च २००७ला आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेले. आज जितके लोक "मी होतो" म्हणतात ते सगळे खरंच असते, तर त्या दिवशी बंगळूर शहरात पाय ठेवायला जागा उरली नसती. त्याहून मुरलेली मंडळी २००७ला हसतात. ती रंगभवनची. मुंबईत धोबी तलावाजवळच्या या उघड्या नाट्यगृहात १९८६ पासून सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे आय-रॉक, ज्यांनी दगडी पायऱ्यांवर बसून ऐकला, त्यांच्यासमोर आम्ही खाली मान घालून उभे राहतो. पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथला दणदणाट संपला. शेजारी हॉस्पिटल आहे, तक्रार रास्त होती. पण आमच्यातला एक बुजुर्ग अजून म्हणतो की तिथल्या पेशंटांनी कधी कुरकुर केली नाही, ते मुकाट्याने बरे व्हायचे.

बाहेर आपसांत एवढा तोरा मिरवणारी ही माणसं घरी स्वतःची ओळख कशी करून देतात, तो निराळाच विनोद आहे. 'भयानक मौत' हा मुंबईचा एक जबरदस्त बँड. त्यांच्या कार्यक्रमाला निघालो असताना आईने विचारलं, "कुठे चाललास?" मी खरं तेच सांगितलं. "भयानक मौत." आई म्हणाली, "शुभ बोल नाऱ्या!" आणि देवाजवळची वाटी आणून हातावर साखर ठेवली. तेव्हापासून मी 'मित्राच्या साखरपुड्याला' म्हणतो. 'डिमनिक रिझरेक्शन' हा मुंबईचाच दुसरा बँड. त्याचा गायक डिमनस्टीलर हे नाव लावतो, व्यासपीठावर घशातून पाताळ काढतो आणि घरी स्वयंपाकाचे व्हिडिओ करतो. 'हेडबँगर्स किचन' त्याचंच. आमच्यातले कितीतरी असेच. रात्री गर्दीच्या मधोमध एकमेकांवर आदळणारा माणूस सकाळी हिंजवडीत सौम्य आवाजात "कॅन यू सी माय स्क्रीन" विचारत असतो. आणि त्या आदळण्यातही कुणी खाली पडला की चार हात आधी त्याला उचलतात, एकजण चष्मा शोधून देतो, मग पुन्हा ढकलाढकली. लोकलमध्ये हे सौजन्य मला अजून भेटायचं आहे.

सौजन्याला अपवाद एकच. नवीन माणूस, विशेषतः मुलगी, बँडचा टीशर्ट घालून आली की कुणीतरी दीडशहाणा पुढे होऊन म्हणतो, "पाच गाणी सांग." हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. टीशर्ट दुकानात पैसे देऊन मिळतो, त्याला प्रवेश परीक्षा नसते. एकदा पुण्यात आमच्या बैठकीत आयर्न मेडनचा टीशर्ट घातलेल्या एका मुलीला एकाने असंच गाठलं. तिने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "सांगते. त्याआधी तू निको मॅकब्रेनच्या आधीचे ड्रमर सांग. क्लाइव्ह बर सोडून." दीडशहाण्याला त्या क्षणी बाहेर लावलेली गाडी आठवली. तिने मग पाच गाणी सांगितलीच, वर ती कुठल्या सुरात लावली आहेत तेही.

आता आम्ही चाळिशीत आहोत आणि ओळख करून देताना नवा तपशील जोडला जातो: मणका. कुणाचा सी-फाइव्ह, कुणाचा सी-सिक्स. आमच्या या अवस्थेची दखल थेट 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने घेतली आहे. २००८च्या नाताळ अंकात ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडला की डोकं हलवायला लावणाऱ्या गाण्यांचे सरासरी ठोके मिनिटाला १४६ असतात आणि त्या लयीत डोकं ७५ अंशांपेक्षा जास्त फिरलं तर मेंदूला सौम्य इजा होऊ शकते. उपायही दिले आहेत. मान कमी हलवावी, प्रौढांना साजेसं रॉक ऐकावं, दर दुसऱ्या ठोक्यालाच डोकं हलवावं, नाहीतर संरक्षक साधनं वापरावीत. यातला एक ठोका सोडण्याचा उपाय मी पाळतो. शेजारी उभ्या असलेल्या कोवळ्या मुलांना वाटतं काका लय चुकले. त्यांना जर्नल दाखवत कोण बसणार?

ओळख करून देताना अशी लांबण लावायची खोड आमच्यात कुठून आली याचा मी विचार केला आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी हे संगीत कानात यंत्र खुपसून, दार लोटून, एकट्याने ऐकलं. नव्वदच्या दशकात रिदम हाऊसमधून एखादी कॅसेट आणायची आणि तिच्या वेष्टनावरची आभाराची यादीसुद्धा पाठ करायची. हे सगळं ज्ञान घेऊन जायचं कुणाकडे? घरी कुणी विचारत नव्हतं, वर्गात कुणी विचारत नव्हतं. म्हणून कुणी विचारलंच, तर वर्षानुवर्षांचं साठलेलं एकदम बाहेर येतं. २२ जुलै २०२५ला सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. जुलैच्या पाच तारखेला बर्मिंगहॅममध्येच, सिंहासनावर बसून, तो शेवटचा गायला होता. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "अरे, तुझे ते वटवाघूळवाले गेले म्हणे. पेपरात आलंय. जेवलास का?" तिला गोत्र, शाखा काही ठाऊक नाही. तरी मी तिला सॅबथचे मूळ चारही जण, कोण काय वाजवायचं, ऑझीला बँडमधून कधी काढलं, सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदाच फोन ठेवला नाही.

तेव्हा वाचकहो, लोकलमध्ये, लग्नात किंवा सोसायटीच्या सभेत कुणी काळ्या टीशर्टातला, छातीवर वाचता न येणारं नाव असलेला माणूस कोपऱ्यात उभा दिसला, तर घाबरू नका. "पहिली कॅसेट कुठली घेतली होती?" एवढंच विचारा आणि घरी उशीर होईल म्हणून कळवून ठेवा. फक्त असे दोघे एकत्र दिसले, तर सर्वांत चांगला बँड कोणता, हे चुकूनही विचारू नका.