पाल्याचे नाना

नानांकडे गेलात की चहा मिळत नाही, काढा मिळतो. छातीचं दुखणं नानांचं, काढा पाहुण्याला. डॉक्टरांनी सीओपीडीचं निदान केलं, पंप लिहून दिला, आणि उभ्या आयुष्यात न सुचलेला शब्द नानांना सुचला: साइड इफेक्ट! "सवय लागते हो त्या पंपाची," असं ते जिन्यात कठडा धरून, धापा टाकत सांगतात. तीस वर्षं ओढलेल्या विडीची आठवण करून दिली तर म्हणतात, "तीही तेंदूच्या पानाचीच होती की!"

फळीवर अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी आणि सितोपलादि चूर्ण. नाना तळहातावर चूर्ण घेतात, त्यावर मधाची धार सोडतात आणि करंगळीने इतक्या तन्मयतेने खलतात, की घटकाभर खोकलाही अदबीने थांबतो. त्यांच्या स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टावर जिथे तिथे मधाची बोटं आहेत. मधुमेहामुळे चहातली साखर त्यांनी कधीच सोडली; सितोपलादिमध्ये निम्म्याहून जास्त खडीसाखर असते, पण ती औषधातली, म्हणून बाधत नाही. ज्येष्ठमधाच्या अतिरेकाने रक्तदाब चढतो. नानांचाही चढला, पण खापर फुटलं डॉक्टरांच्या फीवर.

डॉक्टर मात्र बेरकी. त्यांनी अडुळशाला नावं ठेवली नाहीत. उलट म्हणाले, "कफ पातळ करणारं आमचं ब्रोमहेक्सिन अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच सुचलंय. घ्या थोडा, पण मला सांगून. फक्त पंपाला सुट्टी नाही. आणि तुमच्या पंपातल्या टायोट्रोपियमचं मूळ घराणं अ‍ॅट्रोपीनचं. ते धोतऱ्यात असतं."

नाना ताठ बसले. "महादेवाला वाहतात तो?"

"तोच. पण घरी त्याचा प्रयोग नको, विष आहे. कारखान्यातलंच घ्या."

तेव्हापासून नाना नेमाने कॅप्सूल यंत्रात घालतात, ओढतात, श्वास रोखतात. सोसायटीभर सांगतात, "आपलंच औषध, इंग्रजी डबीत भरलंय." जिनाही हल्ली एका दमात नाही, पण दोन दमांत चढतात. श्रेय अर्थातच काढ्याला.

परवा फाटकापाशी गाठून हळूच विचारत होते, "काय हो, ती कॅप्सूल फोडून मधातून चाटली, तर जास्त लागू पडेल ना?"