थेंबगाडीविषयी सविस्तर निवेदन

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
जूनअखेर

तीर्थरूप आप्पा व सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायची, आत झोपण्यापुरतीच जागा असलेली आणि पाठीमागची झडप उचलली की तिच्याखाली स्वयंपाकाचा ओटा निघणारी जी दोन चाकांची खोली असते, तिला इकडे ‘टिअरड्रॉप ट्रेलर’ म्हणतात, कारण बाजूने पाहिल्यास ती पुढे फुगीर आणि मागे निमुळती, अशी आडव्या थेंबासारखी दिसते. नातीने तिचे ‘थेंबगाडी’ असे बारसे केले असल्याने या पत्रात तेच नाव योजले आहे. चार खोल्यांचे घर असताना खोक्यात जाऊन का झोपायचे, हा सौ. आईचा प्रश्न फोनवर सुटण्यासारखा नव्हता, आणि व्याख्येपासून सुरुवात केल्याखेरीज कोणतीही गोष्ट आप्पांना पटत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हे निवेदन प्रबंधाच्या शिस्तीने लिहिले आहे.

अशा गाड्या अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाल्या. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात त्यांचे नकाशे छापले, आणि नुकत्याच संपलेल्या युद्धातून परतलेल्या, हातोडी धरता येणाऱ्या व खिसा फारसा जड नसलेल्या गृहस्थांनी आपापल्या गॅरेजात त्या बांधायला घेतल्या. पुढे मोटारी मोठ्या झाल्या, ट्रेलरही मोठे झाले आणि थेंबगाडी मागे पडली, ती अलीकडे पुन्हा हौशी लोकांच्या हाती आली आहे. तिचे माप मात्र ना माणसाच्या उंचीवरून ठरले ना मोटारीच्या ताकदीवरून. ते ठरले प्लायवुडच्या तक्त्यावरून, जो इकडेही आठ बाय चारचाच मिळतो आणि ज्याचे तुकडे वाया घालवणे सांगलीच्या सुताराइतकेच मिशिगनच्या हौशी कारागिराच्याही जिवावर येते.

या मापाबाबत एक हिशेब आप्पांच्या विचारार्थ मांडणे आवश्यक आहे. आप्पांचे बालपण गिरगावातील चाळीच्या ज्या दहा बाय बाराच्या खोलीत गेले, तीत नऊ माणसे राहत असल्याचे ते आजवर अनेकदा सांगत आले आहेत. म्हणजे माणशी जागा तेरा चौरस फुटांहून किंचित अधिक. थेंबगाडीचे क्षेत्रफळ बत्तीस चौरस फूट असून तीत दोन माणसे झोपतात (नातवंडे शेजारी तंबूत असतात), म्हणजे माणशी सोळा. तेव्हा दोन पिढ्या खपून, एक महासागर ओलांडून आणि गृहकर्ज डोक्यावर घेऊन या घराण्याने माणशी अडीच चौरस फुटांहून थोडी अधिक प्रगती केली, असे म्हणण्यास जागा आहे. बाजूच्या भिंती प्रत्येकी पाऊण इंच जाडीच्या असल्यामुळे आतली रुंदी साडेशेहेचाळीस इंच भरते, आणि त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याने ती बदलणे क्रमप्राप्त होते, हा तोटा चाळीतही होता; फरक इतकाच की तिथे तो भाडे देऊन सोसावा लागे आणि इथे तो वर्षभराच्या शनिवार-रविवारची मेहनत खर्चून मिळवलेला आहे.

बांधणीत सर्वांत नाजूक काम थेंबाच्या वक्ररेषेचे. प्लायवुडवर खिळे ठोकून त्यांच्या कडेने लवचीक लाकडी पट्टी वाकवायची व तिच्या आधाराने पेन्सिल फिरवायची, मग दोन्ही बाजूंचे तक्ते एकावर एक स्क्रूने आवळून एकदमच कापायचे, म्हणजे डावी-उजवी बाजू जुळी निघते. वेगवेगळे कापले असता थेंब एका अंगाला सुजल्यासारखा दिसतो, हे पहिल्या प्रयत्नात वाया गेलेल्या दोन तक्त्यांवरून सिद्ध झाले आहे. छतासाठी अष्टमांश इंचाचे प्लायवुड ओले करून या कमानीवर वाकवले, त्याखाली इंचभर जाडीचा कडक फोम थंडी अडवण्यासाठी बसवला आणि वरून जाड मांजरपाट पाणी न लागणाऱ्या सरसाने चिकटवून त्यावर बाहेरच्या रंगाचे तीन हात दिले. पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीला डांबर फासण्याच्या कुलपरंपरेशी या कृतीचे नाते उघड आहे, आणि सूनबाईंनी ते त्याच वेळी बोलून दाखवले होते.

इतके करूनही पहिल्याच पहाटे छतावरून थेंब टपकला, तोही नेमका सूनबाईंच्या कपाळावर. छत गळते असे गृहीत धरून घरमालक चार वाजता हातात बॅटरी घेऊन वर चढला, परंतु बाहेर चांदणे पडले होते आणि आठ दिवसांत पावसाचा टिपूसही नव्हता. दोन माणसे बंद खोक्यात रात्रभर जो श्वास सोडतात त्यातील वाफ थंड पृष्ठभागावर जमून तिचे पाणी होते, या साध्या नियमाचा उलगडा चहा झाल्यावर झाला. तेव्हापासून छतातला चौदा इंची चौकोनी झरोका, ज्यात बारा व्होल्टचा छोटा पंखा असतो, कडाक्याच्या थंडीतही दोन बोटे उघडा राहतो. याच कारणाने, आणि जळत्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू बंद जागेत जीव घेतो म्हणून, चूल गाडीच्या आत कधीही पेटवायची नसते. ओटा मागच्या बाजूला, उघड्या आकाशाखाली ठेवण्यामागचे शास्त्र हेच आहे.

त्या ओट्यावर आता सौ. आईने दोन वर्षांपूर्वी बॅगेत घातलेला दगडी खलबत्ता असतो. त्या वेळी विमानतळावर वजनावरून जी कुरकुर झाली, ती येथे रीतसर मागे घेण्यात येत आहे, कारण भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा व गाडीतील बॅटरी बारा व्होल्टची असल्यामुळे लसणीची चटणी रानात खलबत्त्याशिवाय होत नाही. कुकरचे मात्र तसे निर्वेध नाही. इथल्या तळांवर रात्री दहानंतर शांतता पाळण्याचा नियम असून खिचडीची तिसरी शिट्टी दहा वाजून पाच मिनिटांनी झाली, तेव्हा शेजारच्या तंबूतील गृहस्थ काही फुटले की काय हे पाहण्यासाठी आले आणि वाटीभर खिचडी व चटणी घेऊन परत गेले. दुसऱ्या सकाळी ते रिकामी वाटी घेऊन, पाणी पीतच, पुन्हा आले.

विजेच्या जोडणीविषयी थोडक्यात सांगायचे तर मोटारीकडून ट्रेलरकडे चार तारा जातात: पांढरी अर्थची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या व हिरवी उजव्या इशाऱ्याची. पांढरी तार रंग दिलेल्या लोखंडावर आवळली गेल्याने ब्रेक दाबला की सगळे दिवे समईसारखे मंद होत. स्क्रूखालचा रुपयाएवढा रंग खरवडल्यावर ते ताळ्यावर आले. सांगाडा वेल्डरकडून करवून घेतलेला असल्याने नोंदणीच्या कागदावर उत्पादकाच्या रकान्यात कोणत्याही कंपनीचे नाव न येता ‘होममेड’ असा शेरा पडला आहे, आणि पापड-लोणच्यांखेरीज ‘घरगुती’ हे बिरुद सरकारदप्तरी मिळवणारी ही या घराण्यातील पहिलीच वस्तू असावी.

आता मुख्य दोषाकडे वळावे लागते. ट्रेलरचे पुढचे टोक मोटारीच्या मागच्या पोलादी गोळ्यावर जितका भार टाकते, त्याला ‘टंग वेट’ म्हणजे जिभेचे वजन म्हणतात, आणि तो भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असा दंडक आहे. तो कमी पडला की ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो आणि ती हालचाल वाढत गेली तर मोटारीलाही आपल्याबरोबर रस्त्याबाहेर नेतो. लेक मिशिगनच्या काठावरील स्लीपिंग बेअर ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांकडे, म्हणजे सुमारे अडीचशे मैलांवर, निघालेल्या पहिल्या प्रवासात ताशी साठ मैलांना हे लक्षण दिसू लागल्याने पुढचा सर्व रस्ता पंचेचाळीसने, मागच्या ट्रकवाल्यांचे शिव्याशाप ऐकत कापावा लागला. घरी येऊन गाडी पूर्ववत भरून न्हाणीघरातील वजनकाट्यावर जीभ टेकवली, तेव्हा हजार पौंडांच्या गाडीचा भार अवघा अडुसष्ट पौंड निघाला. कारण उघड होते: चाकांच्या मागे जे जे ठेवावे ते तराजूच्या न्यायाने पुढचे टोक उचलते, आणि तांदळाची वीस पौंडांची पिशवी, कणकेची तितकीच आणि आठ पौंडांचा खलबत्ता हे सारे मागच्या ओट्याखाली होते. ही अठ्ठेचाळीस पौंडांची सामग्री पुढच्या दांड्यावरील पेटीत हलवताच काट्याने एकशे अठ्ठावीस दाखवले. त्यानंतर पाच मैल लांबीच्या, १९५७ साली खुल्या झालेल्या मॅकिनॉ पुलावर आडव्या वाऱ्यातही गाडी हरिपाठाला निघालेल्या वारकऱ्यासारखी सरळ चालली, आणि चटणी वाटायची झाली की पुढच्या पेटीतून खलबत्ता काढून मागे नेण्याचे व निघण्यापूर्वी तो न विसरता पुढे ठेवण्याचे काम नातवाकडे सोपवण्यात आले.

सौ. आईने येत्या खेपेस पाटा-वरवंटा आणण्याचा मनोदय कळवला आहे. त्याविषयी नम्र निवेदन असे की दंडकाची वरची मर्यादा दीडशे पौंड असून काट्यावर आता बावीसच पौंडांची मोकळीक उरली आहे. वरवंटा तीत सहज बसतो, पाटा बसत नाही. वरवंटा एकटा आणता येत असल्यास अवश्य आणावा.

कळावे.