पट्टे आईचे

होस्टाची शेंग वाळली की आतून काळं, चपटं, एका टोकाला पातळ पंख असलेलं बी निघतं. फिकट निघालं तर ते पोकळ, फुंकून टाकायचं. काळ्या बियांत काय दडलंय, ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात अंगणातले सगळे होस्टा बर्फाखाली झोपलेले असताना इथली काही शहाणीसुरती माणसं बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली हे बी पेरतात आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली डोकावतात. त्यातलाच मी एक. नुसत्या रोपांसाठी एवढी यातायात कोण करतो? रोपं ढिगानं उगवतात. आम्हाला हवे असतात पट्टे.

होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. सावलीत वाढतो, पानांसाठी लावतात. अमेरिकेत त्याचे एवढे लाड की 1968 पासून त्याची राष्ट्रीय सोसायटी आहे. महाराष्ट्रात तो रुजत नाही, कारण त्याला दरवर्षी कडक थंडीतली लांब झोप लागते. नर्सरीत मिळतो तो बहुधा पांढऱ्या किंवा पिवळ्या काठाचा. आमच्या जमातीला काठाचं कौतुक नाही. पानभर वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही असे फराटे हवेत.

हे फराटे येतात कुठून? बारशाला जमलेल्या आत्या-मावश्या नाक कुणाचं, कपाळ कुणाचं यावर तासभर वाद घालतात. होस्टाच्या घरी त्या वादाला जागाच नाही. पट्टे ठरतात पानातल्या हरितलवकांवरून, आणि हरितलवक येतात फक्त आईकडून. बापाच्या अंगावर कितीही नक्षी असो, त्यातली एक रेघही पोराला मिळत नाही. वनस्पतींमधला हा मातृवारसा कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं 1909 साली दाखवला, आणि तोही चक्क गुलबाक्षीवर! चितकबऱ्या झाडाच्या हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवी रोपं, फिकट फांदीवरच्या बियांतून फिकट, चितकबऱ्या फांदीवर तिन्ही तऱ्हा. पराग कुठल्या फांदीचा, याला काडीची किंमत नाही. 1900 मध्ये विस्मृतीतल्या मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी हाच एक; त्यालाच त्या नियमांना न जुमानणारी गुलबाक्षी भेटावी! आजोळच्या परसात ती ढीगभर होती. आम्ही नुसत्या वेण्या केल्या.

तर आई पट्टेदारच हवी. काठवाली चालत नाही. तिची मुलं साधारणपणे पानाच्या मधल्या रंगावर जातात. होस्टाचं फूल एका दिवसाचं, त्यामुळे जुलैत मधमाश्यांच्या आधी उठून, पाकळ्या काढून, निवडलेल्या बापाचा पराग कुक्षीला लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. बापाला अगदीच हिशेबातून काढू नये. पानाचा आकार, सुरकुत्या, देठाचा लाल रंग यांत त्याचा वाटा असतोच.

एवढं करून ट्रेमध्ये उगवतं ते बहुतेक हिरवंगार. काही पांढरीशुभ्र रोपं येतात, विलक्षण देखणी; पण हरितद्रव्यच नसल्यामुळे बियातली शिदोरी संपली की माना टाकतात. हिरवी उपटून कंपोस्टात. फोनवर आईला हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजारी ती आपोआप मरतात आणि धडधाकट तू मारतोस?" यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण मी हवापाण्याचा विषय काढला.

आणि कधीतरी एखाद्या इवल्या पानावर पांढरी रेघ दिसते. त्या दिवशी ऑफिसात कुणीही काहीही बोलावं, मला लागत नाही. पण पट्टा हा टिकणारा जीव नव्हे. दोन-चार वर्षांत नवे कोंब हळूहळू शिस्तीला लागतात, रंग कडेला सरकतो आणि माझं फराटेदार रोप छान, रेखीव काठाचं होऊन बसतं. पुढच्या पिढीला पट्टे देण्याच्या कामाचं उरत नाही. नेमकं त्याच उन्हाळ्यात जेवायला आलेले पाहुणे त्याच्यापाशी थांबतात. "अरे वा, आता कुठे नीट झालंय हे! आधी काहीतरी रोग पडल्यासारखं दिसायचं, नाही?"