बेंड ओके

माझ्या टेबलावर रोज सकाळी बारा मिलिमीटरच्या सळईचे तुकडे येतात आणि मी ते वाकवतो. याचाच मला पगार मिळतो. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या टेस्टिंग लॅबमध्ये मी एकवीस वर्षं बसतोय. सळई मशीनमध्ये घालायची, मँड्रेलभोवती १८० अंशांत वाकवायची, म्हणजे दोन्ही टोकं शेजारीशेजारी येतात आणि सळईची हेअरपिन होते. वाकलेल्या बाकावर बोट फिरवायचं, भिंग धरायचं, तडा दिसला नाही की रजिस्टरमध्ये लिहायचं : बेंड ओके.

गेली तीन वर्षं मला स्वतःला मात्र बुटाची नाडी बांधण्यापुरतंही वाकता येत नाही. आतमध्ये सेफ्टी शूज सक्तीचे, आणि सेफ्टी शूजची नाडी इतकी गुळगुळीत की दुपारपर्यंत ती सुटतेच. मग लॅबमधला पोरगा न सांगता येतो, उकिडवा बसतो, गाठ मारतो आणि निघून जातो. पहिल्यांदा त्याने असं केलं तेव्हा मी छताकडे बघत उभा होतो. टेबलावर त्या दिवशीच्या अठरा हेअरपिना ओळीने पडल्या होत्या. सगळ्या ओके.

हे दुखणं सुरू कसं झालं, हे लोक हमखास विचारतात. जालन्यात कंबर मोडायची तर कारण तोलामोलाचं हवं. इथे भंगाराच्या गाड्या येतात, भट्टीत बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात, आणि रात्रंदिवस कुणी ना कुणी काहीतरी जड ओढत, ढकलत, उचलत असतं. मी उचलायला गेलो होतो पेनाचं टोपण. खाली पडलं होतं, वाकलो, कमरेत चमक निघाली आणि मी तसाच काटकोनात राहिलो. पहिले आठ दिवस मी खरं तेच सांगत होतो. लोक हसायचे. मग मी ‘गॅसची टाकी’ म्हणायला लागलो. लोक हळहळू लागले. आता तर मलाही ती टाकीच आठवते.

सुरुवातीला सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं : उसण भरली. उसणीवर आपल्याकडे औषध एकच, पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण पळते. शिफ्टच्या फिटरने अर्ध्या तासात असा माणूस हुडकून आणला. क्रेन ऑपरेटर होता, शिफ्ट संपवून कॅन्टीनला चहा प्यायला आलेला. आता अडचण अशी की मी ‘लॅबवाले साहेब’, आणि साहेबाला लाथ मारायची, तीही कॅन्टीनमध्ये, दोन्ही शिफ्टच्या देखत. तो बिचारा बूट काढून, पाय धुऊन, हात जोडून उभा राहिला. “सायेब, लई नाही लावत. नुस्ता ठेवतो.” मी भिंतीला हात टेकून पाठमोरा उभा. त्याने तीनदा पाय टेकवला, इतका हळू की मांजर चालून गेल्यासारखं वाटलं. आणि प्रत्येक वेळी वाकून मला नमस्कार केला. मागून कुणीतरी म्हणालं, “अजून एक हाण की, इन्क्रीमेंट राहिलंय!”

मी त्याला विचारलं, तुझी कधी भरते का रे उसण? म्हणाला, “रोजच दुखती सायेब. केबिनीत बसून बसून. पण पायाळूला सोताचा पाय चालत नाही.”

साधी उसण म्हणजे आखडलेला स्नायू. तो दोन-चार दिवसांत आपोआप सुटतो आणि श्रेय पायाळूला जातं, त्यात कुणाचं नुकसान नाही. माझं प्रकरण मात्र आठवड्याने कमरेतून उतरलं आणि डाव्या ढुंगणातून, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट करंगळीपर्यंत गेलं. आता ती चमक नव्हती, कळ होती. तापलेली तार आतून ओढावी तशी. मधूनच मुंग्या, मधूनच बधिरपणा, आणि पायात मोजा नसताना मोजा असल्याचा भास.

छत्रपती संभाजीनगरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि डावा पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलायला सुरुवात केली. चाळीस अंशांवर मी ओरडलो. त्यांनी कागदावर ४० लिहिलं. मी मनात हिशेब केला : सळई १८०, मी ४०. नापास.

डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, ही सायटिक नस शरीरातली सर्वांत जाड नस, बोटाएवढी. कमरेतून निघते आणि पायभर पसरते. मुळाशी दाबली गेली की तक्रार पाय करतो. हे ऐकून मी भारावलो, पण दुसऱ्या दिवशी आमच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर तो वायरवरून नजरही न काढता म्हणाला, “मग काय, फॉल्ट पॅनलला अन् ट्रिप शेडमध्ये. आपल्याकडं रोजचंच.” आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून. मी गिधाडाला चालताना पाहिलेलं नाही, पण मला गेटमधून येताना पाहून वॉचमन जी मान खाली घालतो, त्यावरून वैद्यांची नजर चांगली असावी.

मग एमआरआय. आत जाण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. शरीरात कुठे लोखंड आहे का? पेसमेकर, प्लेट, स्क्रू? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? एकवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे कोळ्याला मासे खाता का विचारण्यासारखं. पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. आमच्या यार्डात क्रेनला लोहचुंबकाची भलीमोठी थाळी लावलेली आहे, ती भंगाराचा ढीग पाचोळ्यासारखा उचलते. त्याच जातीच्या चुंबकाच्या पोटात मला सरकवणार होते. डोळ्यात कणबिण नसल्याची खात्री झाल्यावरच मला आत घेतलं. बोगद्यात धाडधाड, ठणठण, कर्रर्र असा आवाज सुरू झाला. लोकांना त्याची भीती वाटते म्हणे. मला मिलचाच आवाज वाटला आणि मी गाढ झोपलो. महिन्याभरातली ती पहिली चांगली झोप.

फिल्म घेऊन मी लॅबमध्ये आलो आणि ट्यूबलाइटसमोर धरली. आता आमच्या सळईबद्दल थोडं सांगायला हवं. टीएमटी सळई लालभडक अवस्थेत रोलमधून बाहेर पडते आणि पाण्याच्या नळकांड्यातून सप्पकन जाते. बाहेरची कातडी क्षणात थंड होऊन कडक होते, गाभा आतमध्ये लालच राहतो. मग त्या गाभ्याची ऊब हळूहळू बाहेर येते आणि कडक कातडीचा ठिसूळपणा घालवते. बाहेर कडक, आत नरम. हे नीट झालंय का ते बघायला सळईची चकती कापायची, घासून आरशासारखी करायची आणि तिच्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड, लावायचं. काही सेकंदांत कडेने काळपट रिंग उमटते आणि मधे फिकट गाभा दिसतो. रिंग सगळीकडे सारखी आणि अखंड हवी.

दोन मणक्यांमधली गादी अगदी अशीच असते. बाहेर चिवट तंतूंच्या थरांचं कडं, आत मऊ गर. अशा तेवीस गाद्या आपण पाठीत घेऊन हिंडतो. फिल्मवर तिचा आडवा काप दिसत होता : काळी रिंग, मधे गाभा. एका बाजूला रिंग फुगली होती आणि गर बाहेर येऊन नसेला टेकला होता. लॅबमधल्या पोराने मागून मान घातली. ते माझ्या कमरेचं चित्र आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन सेकंद बघून म्हणाला, “सर, रिंग फुटलीय. हीट रिजेक्ट करा.”

हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला घाण. माझी हीट १९७६ची. रिजेक्ट झालेली सळई परत भट्टीत जाते आणि नवी होऊन येते. माणसासाठीही भट्टी आहे, पण ती एकदाच, आणि तिथून डिस्पॅच नाही.

गावात कुणालाही सांगा, तो म्हणतो, “हां, मणक्यात गॅप आला.” मराठवाड्यात गॅप न आलेला मणका शोधून सापडायचा नाही. खरं तर गादी झिजते तेव्हा मधली जागा वाढत नाही, कमी होते. हे मी दोन-चार जणांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग किती गॅप आलाय?” मी नाद सोडला.

दुसरा नाद सोडला तो मोजण्याचा. डॉक्टर दर वेळी विचारतात, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? आमच्याकडे ताकद न्यूटनमध्ये, एका चौरस मिलिमीटरला किती ते मोजतात. गाडी वजनकाट्यावर चढते, भरलेलं वजन वजा रिकामं वजन, पावती हातात. इथे ना एकक, ना कॅलिब्रेशन. पहिल्यांदा मी ‘साडेसात’ म्हणालो तर डॉक्टरांनी मान वर केली, बहुधा त्यांना शनीची वाटली. आणि दुखण्याला काटा नसल्याने कुणाला पटवताही येत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, त्यावर लोक सह्या करतात. नस दाबलेला माणूस गणपतीसारखा स्थिर बसलेला असतो. चेहरा तेवढा आंबट. “दिसत तर काही नाही” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीच आधी म्हणून टाकतो.

सल्ले मात्र भरपूर दिसतात. निर्गुडीचा पाला, एरंडाचं पान, तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, बिब्बा. बिब्बा मी घेतला नाही. बिब्ब्याने दुखणं जातं असं नव्हे, कातडी जळते म्हणून दुखणं विसरतं. सर्वांत जास्त आग्रह फळीवर झोपण्याचा. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. सोन्याच्या पाळण्याच्या गावात माझ्या वाट्याला आली फळी. महिनाभर झोपलो. कंबर तशीच, वर खांदेही धरले. डॉक्टर म्हणाले, फळी काढा, आणि पडून तर मुळीच राहू नका, चालत राहा. पूर्वी अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत. आता तसं करत नाहीत.

शेजारच्या आबांचा उपाय वेगळा. समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. आबांना दासबोध पाठ. त्यांनी एका संध्याकाळी मला तिसऱ्या दशकातला सहावा समास वाचून दाखवला. खरूज, नारू, गोवरापासून समर्थांनी देहाच्या एवढ्या व्याधी एका दमात मोजल्यात की ऐकतानाच मला दोन-तीन नव्या वाटू लागल्या. आणि या सगळ्यांना त्यांनी नाव दिलंय आध्यात्मिक ताप. म्हणजे देहात, इंद्रियांत, मनात उपजतो तो. आबा म्हणाले, “तुमचा सायटिका आध्यात्मिक आहे.” मला एकदम बढती मिळाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी तेच लिहिलं. एचआरमधल्या मुलाने फोन केला, “सर, विपश्यनेला इगतपुरीला चाललात का?”

त्या रजेत मी फिजिओथेरपीला गेलो. तिथे माझ्यावर काळाने सूड उगवला. आमच्या लॅबमध्ये यूटीएम नावाचं यंत्र आहे. सळईचा तुकडा दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ताणायचा. तुटताना बंदुकीसारखा बार होतो, नवी माणसं दचकतात. तुटण्याआधी तुकडा किती लांबला ते मोजायचं. ‘पाचशे डी’ जातीची सळई किमान सोळा टक्के लांबली पाहिजे. फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला पलंगावर आडवं केलं, एक पट्टा छातीखाली, एक कमरेला, दोन्ही गच्च आवळले, आणि यंत्राची कळ फिरवत म्हणाली, “काका, आज वीस किलोने ताणू.” मी विचारलं, यील्ड किती धरलंय? ती म्हणाली, “काका, श्वास घ्या.” ताण येत होता, सैल पडत होता, आणि मी बार व्हायची वाट बघत होतो. सोळा टक्क्यांनी लांबलो असतो तर साडेसहा फुटांच्या घरात गेलो असतो. तशी उंची रोजच थोडी वाढते. रात्री आडवं झाल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, आणि सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच उठतो. दिवसभरात परत चेपतो. सकाळी आरशात मी जरा बरा दिसतो तो यामुळे, असं मी घरात सांगून ठेवलंय.

नसेच्या दुखण्याला साध्या गोळ्या फारशा दाद देत नाहीत. जी गोळी मला लागू पडली ती मूळची फिट्सच्या औषधांच्या घराण्यातली. नसेची बडबड कमी करते, पण माझीही करते. दुपारी तीनला डोळे जड होतात. एकदा मी रजिस्टरमध्ये सळईच्या रकान्यात ‘४०’ लिहून ठेवलं. पोराने गुपचूप खोडलं.

बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवतं. माझं रेंगाळलं. आता ते पाहुण्यासारखं नाही, भाडेकरूसारखं राहतं. कधी आठ-आठ दिवस खोली बंद, मग अचानक रात्री दोनला भांडी वाजतात.

बेंड टेस्टच्या पुढची एक टेस्ट आहे, रीबेंड. सळई १३५ अंशांच्या कोनापर्यंत वाकवायची, मग अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, थंड करायची आणि मग उलट दिशेने थोडी सरळ करायची. साइटवर वाकवलेली सळई पुढे कधीतरी पुन्हा सरळ करावी लागते, तेव्हा ती तडकू नये म्हणून. पूर्वी ही टेस्ट मला कंटाळवाणी वाटायची. अर्धा तास नुसतं पातेल्याकडे बघत बसायचं.

रोज संध्याकाळी साडेसातला मी घरी कॉटवर कुशीला पडतो आणि बायको रबरी पिशवीत गरम पाणी भरून कमरेशी ठेवते. अर्धा तास. “आज किती?” ती स्वयंपाकघरातून विचारते. मी “चार” म्हणतो. ती सहा धरते, आणि पाण्याचा जार स्वतः उचलून स्टँडवर चढवते. त्याचा खण्ण आवाज मला ऐकू येतो. अर्धा तास झाला की ती दारात येऊन उभी राहते. मी एक हात कॉटला, एक गुडघ्याला, कूस वळवून, पाय खाली सोडून, हप्त्याहप्त्याने उठतो. ती चष्मा नाकावर सरकवून माझ्या चेहऱ्याकडे बघते, वरपासून खालपर्यंत, कुठे काही चिरलंय का ते.

“वाढू?” ती म्हणते.